धोका आधी मुलांना कळतो

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. आधी सहशिक्षिका, नंतर मुख्याध्यापिका. डोंगरातली द्विशिक्षकी शाळा पाहिली, भरल्या पटाची केंद्रशाळाही सांभाळली. आता नव्या शिक्षकांशी बोलायला बोलावतात, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : मुलं सुरक्षित राहावीत म्हणून आम्ही नेमकं काय करायचं? परिपत्रकं, समित्या, नोंदवह्या यांची यादी त्यांच्याकडे असतेच, आणि ती पाळायलाच हवी. पण इतक्या वर्षांत माझी एक खात्री झाली आहे. शाळेतल्या जवळजवळ प्रत्येक धोक्याची पहिली खबर मुलांपाशी असते. पाय कुठल्या पायरीवर घसरतो, कुठल्या नळाचं पाणी गढूळ येतं, कुठल्या माणसासमोर एकटं जायला नको वाटतं, हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं. ते आपल्यापर्यंत पोचतं की वाटेतच अडतं, यावर शाळेची सुरक्षितता ठरते. पुढचे सगळे अनुभव याच एका गोष्टीचे आहेत.

१. इमारत मुलांना सोबत घेऊन तपासा

२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छत कोसळलं. ७ मुलं गेली. वरून खडे पडताहेत हे आम्ही आधी सांगितलं होतं, असं वाचलेल्या मुलांनी नंतर सांगितल्याचं बातम्यांत आलं. आपल्याकडे २८ ऑगस्ट २०१७ ला नगर तालुक्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेत पावसात छत पडून ३ विद्यार्थ्यांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी पावसाळा, दोन्ही ठिकाणी भरलेली शाळा.

म्हणून शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात मी चौथी-पाचवीच्या मुलांना घेऊन इमारतीभोवती फेरी मारत असे. कुठे ठिबकतं, कुठली खिडकी अंगावर येते, कुठल्या भिंतीला हात लावला की माती सुटते, एवढंच विचारायचं. एकदा एका मुलाने सांगितलं, "बाई, पाऊस आला की त्या बटणाजवळ हाताला मुंग्या येतात." स्विचबोर्डमागे पाणी झिरपत होतं. कुठल्याच तपासणीत ते दिसलं नव्हतं.

स्लॅबचं प्लॅस्टर सुटून पडतं तेव्हा दुखणं बहुधा आत असतं. गजांना गंज चढला की ते फुगतात आणि खालचं काँक्रीट ढकलून देतात. वरून पुन्हा गिलावा मारून हे थांबत नाही. अशी खोली त्याच दिवशी बंद करावी, दाराला कुलूप लावावं, वर्ग व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात भरवावा आणि मग कागद हलवावेत : गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, बांधकामच्या शाखा अभियंत्यांची पाहणी, निर्लेखनाचा प्रस्ताव. प्रस्तावाला महिने लागतात, कुलपाला एक मिनिट लागतं. आणि निर्लेखित झालेली खोली पाडेपर्यंत तिच्याभोवती कुंपण हवं, कारण लपाछपी खेळायला मुलांना तीच जागा आवडते.

२. 'वास येतोय' म्हटलं की पातेलं बाजूला

बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत १६ जुलै २०१३ ला मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक उतरलं होतं. तेलाचं काहीतरी बिघडलं आहे हे स्वयंपाक करणारीच्या लक्षात आलं होतं, चव वेगळी लागते हे मुलांनीही सांगितलं होतं, असं त्या वेळी समोर आलं. ताटं तरीही वाढली गेली.

मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घ्यायची, हा नियम आहे आणि त्यासाठी चव रजिस्टरही असतं. माझा आग्रह असा असे की सही चव घेतल्यावरच व्हावी, आणि चव घेणाऱ्याचं नाव दिवसवार भिंतीवर लावलेलं असावं. आठवड्यातून एक वार एखाद्या पालकाचा. चव घेतल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा, मगच पंगत बसवावी. तांदूळ-डाळीच्या कोठीत फवारणीचं औषध, फिनेल, रॉकेल यांतलं काहीही ठेवू नये. औषधाचा रिकामा डबा कितीही घासला तरी तेलाला किंवा पाण्याला वापरू नये. शेतीच्या गावात असे डबे घरोघरी असतात, म्हणून हे स्वयंपाकाच्या ताईंना आणि मदतनीस बाईंना दर जूनमध्ये नव्याने सांगावं लागतं.

आणि एका जरी मुलाने नाक मुरडलं, तरी त्याला 'खा मुकाट्याने' म्हणायचं नाही. आपण जाऊन वास घ्यायचा. खिचडी वाया गेली तर एक दिवस बिस्किटांवर निभावतो.

३. मार खाणारं मूल तोंड उघडत नाही

शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरीही काही गावांत पालक स्वतः येऊन सांगतात, "बाई, चार रट्टे घाला, पण शिकवा." मी त्यांना समजावत आले की शिस्तीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मार हा सुरक्षिततेच्या आड येतो. चुकलं की छडी बसते हे ज्याला ठाऊक आहे, तो मुलगा भिंतीवरून पडून डोक्याला मार लागला तरी लपवतो. ज्या वर्गात टोमणे मारले जातात, तिथली मुलगी आपल्यावर काय ओढवलं आहे ते बाईंना सांगत नाही. मोठ्यांचा धाक जितका जास्त, तितकी आपल्यापर्यंत येणारी खबर कमी. नव्या शिक्षकांना मी पहिल्याच भेटीत सांगते : छडी वर्गाबाहेर गेली की अनेक गोष्टी वर्गात बोलल्या जाऊ लागतात.

४. स्पर्शाइतकंच गुपिताबद्दल शिकवा

'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा धडा आता बहुतेक शाळांत होतो. तो हवाच. पण लहान मुलाला इथेच अडचण येते. त्रास देणारा माणूस पुष्कळदा ओळखीचा असतो, खाऊ देणारा, लाड करणारा असतो. त्याचा स्पर्श वाईट म्हणायचा की चांगला, हे पाच-सहा वर्षांच्या जिवाला ठरवता येत नाही. केंद्र सरकारने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते, आणि बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

म्हणून मी वर्गात एक सोपा नियम लावत असे : अंगाला हात लावण्याचं गुपित नसतं. कुणीही म्हणालं, 'हे आपल्या दोघांतच, आईला सांगायचं नाही', तर ते लगेच सांगायचं. सांगणारा मुलगा असो की मुलगी, त्याचं काहीही चुकलेलं नसतं. शरीराच्या भागांची नावं न लाजता शिकवावीत, म्हणजे वेळ आली तर मुलाला शब्द सापडतात. सांगायचं कुणाला, हेही त्यानेच ठरवावं. प्रत्येक मुलाकडून तीन मोठ्या माणसांची नावं वदवून घ्यावीत. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, दुसऱ्यानेही नाही ऐकलं तर तिसऱ्याकडे.

५. मूल सांगेल तेव्हा काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. मुलींनी घरी सांगितलं, पालक धावले, पण गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांना तासन्‌तास थांबावं लागलं. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे अडवली, तेव्हा सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. लहानग्यांनी आपलं काम केलं होतं, त्या बोलल्या होत्या. मोठ्यांची साखळी तुटली.

ती तुटू नये म्हणून प्रत्येक शिक्षकाला पुढच्या गोष्टी तोंडपाठ हव्यात. मूल बोलू लागलं की मध्ये तोडायचं नाही. 'खरं सांगतेस ना?' हे विचारायचं नाही. तेच तेच चारचौघांसमोर पुन्हा सांगायला लावायचं नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही' एवढं म्हणायचं. 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवायचे.

मग पोलीस. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला ती एक वर्षापर्यंत कैदेची होऊ शकते. खरं-खोटं ठरवणं हे शाळेचं काम नाही. 'आधी आपापसांत चौकशी करू', 'शाळेचं नाव जाईल', 'पोरीच्या लग्नाचं बघा', ही वाक्यं मी गावोगाव ऐकली आहेत. त्यांना एकच उत्तर देत आले : ही माझ्या मर्जीची बाब नाही, कायद्याची आहे. या उत्तराने गावचा दबाव पेलायला बळ मिळतं.

पालकांना धीर देण्यासाठी हेही ठाऊक हवं : मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, आणि त्या वेळी त्या गणवेशात नसतात. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली यांतलं काहीही बाहेर जाता कामा नये. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक वर्गात मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेला असावा.

६. कॅमेरा हवा, पण निर्जन कोपरा राहू नये

बदलापूरनंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही बसवायला सांगितलं, कर्मचाऱ्यांची पडताळणी सक्तीची केली. दोन्ही योग्यच. पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो, शिवाय वीज गेली की तोही बंद. घडू नये यासाठी जागेची आणि वेळेची आखणी लागते. शौचालयाच्या वाटेवर झाडी वाढू देऊ नये. दाराच्या कड्या आतून नीट लागाव्यात. लहान मुलं जोडीनेच जावीत. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात मैदानावर कोण, शौचालयाच्या बाजूला कोण, हे वेळापत्रकात तासासारखं लिहिलेलं असावं. रंगकाम करणारा असो, टाकी धुणारा असो की क्रीडास्पर्धेचा पाहुणा, बाहेरच्या कुणाहीबरोबर मूल एकटं राहू नये. हाच नियम आम्हा शिक्षकांनाही लागू : जादा तास घ्यायचा तर दार उघडं ठेवून.

एका शाळेत काही मुली दुपारभर पाणीच पीत नसत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "बाई, कडी मोडलीय." त्या कडीला काही रुपये लागले. मुलींच्या तब्येतीचा आणि अब्रूचा प्रश्न त्या कडीवर अडला होता.

७. तक्रारपेटी लिहिता न येणाऱ्यांचीही हवी

पेटी भिंतीवर टांगली म्हणजे तक्रारी येतात असं होत नाही. ती मुख्याध्यापकांच्या दारासमोर असली तर चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. तिची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर असावी. पहिली-दुसरीच्या मुलांना चित्र काढून टाकायला शिकवावं. उघडायचा वार ठरलेला असावा, किल्ली एकट्या मुख्याध्यापकाकडे नसावी, उघडताना सखी सावित्री समितीतली एखादी आई हजर असावी. या समित्या शासनाने मार्च २०२२ मध्येच नेमायला सांगितल्या आहेत. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. 'पाण्याच्या टाकीचं झाकण नाही' अशी चिठ्ठी आली तर आठवड्यात झाकण बसवावं आणि परिपाठात तसं सांगावं. झाकणाचं ऐकलं गेलं की मुलांना भरवसा वाटतो, मग ती त्याहून अवघड गोष्टही सांगतात.

८. 'काहीतरी चावलं' म्हणजे दवाखाना

नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळातल्या वायनाड जिल्ह्यात, सुलतान बत्तेरीच्या सरकारी शाळेत पाचवीतल्या मुलीला वर्गातच साप चावला. खोलीत बीळ होतं. पायाला काही चावल्याचं तिने सांगितलं, दवाखान्यात न्या असं वर्गातली मुलंही म्हणत होती. तिला हलवायला उशीर झाला आणि ती वाचली नाही.

मण्यारीच्या दंशाची खूण दिसतेच असं नाही, दुखतंही फारसं नाही. त्यामुळे 'दात उमटले नाहीत, काही नसेल' हा आडाखा बांधू नये. चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही, चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चोखायचं नाही. १०८ ला फोन किंवा गावातली जी गाडी मिळेल ती, आणि थेट जिथे प्रतिविष आहे ते आरोग्य केंद्र. कुठल्या केंद्रात प्रतिविष आहे हे जूनमध्येच विचारून भिंतीवर लिहून ठेवावं. वर्गातली बिळं आणि जमिनीच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात, सरपण आणि पालापाचोळा भिंतीला लागून रचू नये.

कुत्र्याच्या चाव्याचंही तसंच. बोलणी बसतील म्हणून मुलं तो लपवतात. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेत लस घेतली तर मात्र वाचतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस. ओरखडा असला तरी.

९. गैरहजर मूलही आपलंच

हजेरीपत्रकातला सलग 'गै' हा धोक्याचा इशारा समजावा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं, अचानक मामाच्या गावी पाठवलेली सातवी-आठवीतली मुलगी, ही शाळेच्या नजरेतून सुटली की कुणाच्याच नजरेत राहत नाहीत. 'ती कुठे आहे?' हे तिच्या मैत्रिणींना विचारावं. तिची सोयरीक ठरली आहे, हळद कधी आहे, हे त्यांना माहीत असतं. गावपातळीवर बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची आहे. त्यांना आणि १०९८ ला लगेच कळवावं. लग्न लागण्याआधीचा एक फोन पुष्कळ काही वाचवतो. ऊसतोडीच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय किंवा नातेवाइकांकडे राहायची व्यवस्था, गाड्या निघण्याआधीच बोलून ठेवावी.

१०. शाळेची वाट मुलांकडून काढून घ्या

कोकणात साकव, मराठवाड्यात ओढा, महामार्गालगत भरधाव वाहनं. प्रत्येक गावची वाट वेगळी. मुलांना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगा आणि भीती वाटते तिथे लाल खूण करायला सांगा. एकाच जागी अनेक खुणा पडल्या की ग्रामसभेत मांडायचा मुद्दा तयार होतो. दारूच्या अड्ड्यावरून जाणारी वाट, कठडा नसलेली विहीर, मोठ्या मुलींची छेड काढली जाते तो एसटीचा थांबा, हे मला अशाच नकाशांतून कळलं. ओढ्याला पाणी चढलं तर पलीकडच्या वस्तीतल्या मुलांना कधी सोडायचं आणि कुणाच्या घरी थांबवायचं, हे पावसाळ्याआधी ठरवावं.

११. सराव शाळेच्या जमिनीवर व्हावा

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलं होरपळून गेली. गवती छप्पर आणि अरुंद जिना. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलं की सुरक्षित शाळेत शिकणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तर आपल्या घरातला. तरी पुष्कळ शाळांत सराव कागदावरच राहतो. पुस्तकात 'बाकाखाली जा' असं असतं, आणि आपल्या खालच्या वर्गांत मुलं सतरंजीवर बसतात. तिथे डोक्यावर दप्तर धरून, भिंत आणि खिडकीपासून दूर गुडघ्यांवर बसायचं, हादरे थांबले की ओळीने मैदानात. चालायला त्रास असलेल्या मुलाचा हात कोण धरणार, हे नाव घेऊन ठरवावं. बाहेर आल्यावर हजेरीपत्रकावरून मोजणी करावी. शाळा भरलेली असताना कुठलंही दार बाहेरून बंद असू नये.

१२. समितीतल्या आईला बोलतं करा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा सांगतो. सभेत मात्र पुष्कळदा अंगठा किंवा सही घेतली की त्यांचं काम संपतं. मी विषयपत्रिकेत पहिला विषय 'मुलं काय म्हणतात?' हा ठेवत असे आणि मातांनाच आधी बोलायला सांगत असे. घरी पाटावर, चुलीपुढे मुलं जे बोलतात ते त्यांच्याकडून येतं. शाळा सरकारी आहे म्हणून विचारायचं कुणाला, असा संकोच पालकांनी करू नये. छत कुणी पाहिलं, आज चव कुणी घेतली, पेटी शेवटची कधी उघडली, हे विचारणं त्यांचा हक्क आहे, आणि उत्तर देणं शाळेचं कर्तव्य.

निधी कमी असतो, शिक्षक कमी असतात, अशैक्षणिक कामांचा भार असतो. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी भांडत राहायला हवं. पण मूल जवळ येऊन 'बाई, एक सांगू?' म्हणालं, तर हातातलं माहिती भरायचं काम तसंच ठेवून त्याच्याकडे वळायला कुठल्याही मंजुरीची गरज नाही. प्रत्येक शाळेत हे आजपासून होऊ शकतं, आणि झालंच पाहिजे.